बाळ येशूच्या गालावरची तीट

माझ्या लहानपणी आमच्या शाळेच्या भिंतीवर बाळ येशूचं एक चित्र टांगलेलं असे. विलायतेहून आलेलं, भलंमोठं, रंगीत, वर-खाली लाकडी दांड्या लावलेलं. त्यातलं बाळ गुलाबी होतं. केस मक्याच्या तुऱ्यासारखे पिवळे, डोळे निळे, अंगाभोवती पांढरंशुभ्र बाळंतं आणि डोक्यामागे सोन्याचं कडं. त्याच्या नाकाला शेंबूड नव्हता, डोळ्यांवर माशी नव्हती, आणि शेजारी इतकी गुरं उभी असूनही कुठे शेणाचा ठिपका नव्हता. मला त्या बाळाचा मनस्वी राग यायचा. रविवारच्या शाळेत कधीमधी येणाऱ्या मिशनच्या मडमबाई विचारायच्या, "या बाळासारखं व्हायला कोणाकोणाला आवडेल?" सगळी पोरं हात वर करायची. मीही करायचे, पण मनातल्या मनात त्याला म्हणायचे, एक उन्हाळा आमच्याकडे काढ आणि मग गुलाबी राहून दाखव.

आमचं गाव बेलापूरपासून कोसभरावर. गावाच्या कडेला आम्हा ख्रिस्ती लोकांचा वीस-पंचवीस घरांचा वाडा आणि त्याच्या मध्ये मिशनची एक लांबट खोली. आठवडाभर ती शाळा असे आणि रविवारी देऊळ होई. माझे बाबा त्या शाळेचे मास्तर. रविवारी उपदेशही तेच करायचे, कारण पाळकसाहेब महिन्यातून एकदाच सायकलवरून येत. खोलीला लागूनच आमचं घर होतं. दर शनिवारी आई शाळेची जमीन सारवायची.

बाबा स्वभावानं मवाळ, पण एका बाबतीत भारी कडक. ताईत, काळा दोरा, तीट यांतलं काही त्यांना चालत नसे. आमच्या लोकांना बाप्तिस्मा घेऊन दोन पिढ्या झाल्या होत्या, तरी वाड्यातल्या बायका तान्ह्या पोरांच्या कमरेला काळा दोरा बांधत, रविवारी भक्तीपुरता सोडून ठेवत आणि सोमवारी पुन्हा बांधत. हे सगळ्यांना ठाऊक होतं, बाबांनाही असणार. पण मास्तराच्या घरात तसं चालू द्यायचं नाही, हा त्यांचा हट्ट. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं कोणी आपल्याला म्हणू नये याची त्यांना धास्ती होती.

माझा भाऊ जन्मला तेव्हा मी आठ वर्षांची होते. काळासावळा, मोठ्या कपाळाचा, आणि डावा कान वरून पुढे मुडपलेला. आईनं पाचव्या दिवशी काजळ धरलं, तर बाबांनी ती वाटी उचलून बाहेर ठेवली. म्हणाले, "प्रभूवर विश्वास आहे ना? मग हे कशाला?" आईनं ती पुन्हा आत आणली नाही. दीड वर्ष ते पोर उघड्या गालानं गावभर फिरलं. मग एका पावसाळ्याच्या शेवटी त्याला ताप आला आणि चौथ्या दिवशी तो गेला.

आई बाबांना एक शब्द बोलली नाही. आकांतही केला नाही. फक्त तिचं खाणं तुटलं, केस विंचरणं राहिलं. आमच्याकडे त्याचा फोटो नव्हता. आमच्यासारख्यांकडे तेव्हा लग्नाचेही फोटो निघत नसत. वर्ष उलटून गेल्यावर एकदा भाकरी थापता थापता ती थांबली आणि मला म्हणाली, "मला त्याचं तोंड आठवंना झालंय गं. कान आठवतोय. बाकी सारं पुसाया लागलंय." ती इतकी घाबरलेली मी कधी पाहिली नव्हती. पोर गेलं त्या दिवशीसुद्धा नाही.

त्याच साली शाळेतल्या चित्राला वाळवी लागली. गुलाबी बाळ गुडघ्यापासून खाली खाल्लं गेलं. मला वाईट वाटलं असं म्हटलं तर खोटं होईल. लढाई चालू होती, विलायतेहून नवं चित्र येण्याचा सवालच नव्हता. पाळकसाहेब बाबांना म्हणाले, "मास्तर, तुमचा हात बरा आहे. नाताळच्या आत तुम्हीच भिंतीवर काढा."

बाबांचा हात खरोखरच बरा होता. फळ्यावर ते न बघता हिंदुस्थानचा नकाशा काढायचे. बेलापुरात एक मुसलमान रंगारी होते, मोहरमचे ताबूतही तेच रंगवायचे. त्यांनी बाबांना रंगाच्या पुड्या दिल्या, आपले दोन कुंचले दिले आणि बाभळीच्या डिंकात रंग कसा कालवायचा ते दाखवलं. रोज शाळा सुटली की बाबा दार लोटून घेत आणि दिवस मावळेपर्यंत भिंतीशी उभे राहत. मी डिंक भिजवून द्यायचे, पण चित्रावर कापड टाकलेलं असे.

एका शनिवारी आई शेणाची पाटी घेऊन सारवायला आली आणि बाबांनी कापड काढलं. मरिया नऊवारी लुगड्यात होती. योसेफाच्या डोक्याला मुंडासं. गव्हाण आमच्याकडे असते तशीच, आत ज्वारीचा कडबा, आणि मागे एक खिल्लारी बैल. कडब्यावर माझा भाऊ होता. तेच कपाळ, तीच हनुवटी, तोच मुडपलेला कान. तो आत्ता हसेल की आत्ता रडेल, कळू नये असा त्याचा नेहमीचा चेहरा.

आईनं पाटी खाली ठेवली आणि भिंतीजवळ गेली. म्हणाली, "तुमच्या बरं ध्यानात ऱ्हायलं."

"हात चालला तसं काढलं," बाबा म्हणाले आणि कुंचले धुवायला बाहेर गेले.

आई बदलली. केस विंचरू लागली, पोटभर जेवू लागली. दुपारी शाळेला सुट्टी झाली की भिंतीशी जाऊन बसायची. मी एकदा दारातून ऐकलं, ती त्याला आमच्या शेळीला दोन करडं झाल्याचं सांगत होती. चित्रात आपला मुलगा आहे हे तिनं कोणाला सांगितलं नाही. वाड्यातल्या कोणाच्या ते ध्यानातही आलं नसावं. तान्ही पोरं काय, घरोघरी जन्मतात आणि जातात.

मग नाताळच्या दोन आठवडे आधीच्या रविवारी सगळे भक्तीला जमले, तर बाळ येशूच्या उजव्या गालावर तीट. चांगली मसुरीएवढी, ठसठशीत, काजळाची.

आमच्या वाड्याच्या पंचांतले एक म्हातारे होते. ते पहिली प्रार्थना व्हायच्या आतच उठले. "मास्तर, ह्ये काय? देवाच्या लेकराला दृष्ट लागती व्हय? आन् लागत आसंल, तर मग त्यो देव कसला?" त्यानंतर मी आयुष्यात पुष्कळ उपदेश ऐकले, पण इतका बिनतोड सवाल एकातही सापडला नाही. मागून एक बाई म्हणाली, "लागती की. बाळं कापनाऱ्या त्या हेरोद राजाची न्हवती का लागली?" बायका पदरात हसल्या. म्हातारे हसले नाहीत. बाबांनी घाईघाईनं गीतांचं पुस्तक उघडलं.

कोणीतरी कळवलं असणार, बुधवारीच पाळकसाहेब आले. माणूस वाईट नव्हता. चित्र त्यांनी बराच वेळ पाहिलं, बैलाचं कौतुक केलं. मग म्हणाले, "मास्तर, तो ठिपका नाताळच्या आत गेला पाहिजे. लोक आपल्याकडे बघून शिकतात. नाहीतर मला वर कळवावं लागेल, आणि मग ही शाळा तुमच्याकडे राहायची नाही." बाबांनी त्यांना चेहरा कोणाचा ते सांगितलं नाही. का नाही सांगितलं, मी अजून विचार करते. सांगितलं असतं तर कदाचित ते विरघळले असते, किंवा चेहराही पुसा म्हणाले असते.

घरी येऊन बाबांनी आईला सांगितलं. ती चुलीपुढे होती. मान वर न करता म्हणाली, "येकदा तुमचं आयकलं आन् पोर घालवलं. आता न्हाई आयकायची. त्याला हात लावायचा न्हाई कुनी."

बाबांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "बरं. नाही लावत." दुसऱ्या दिवशी ते आपली पुस्तकं दोरीनं बांधू लागले. शुक्रवारी पहाटेच देवळालीकडे निघाले. तिथल्या उसाच्या बागाइतदारांकडे कुठे कारकुनी मिळते का, ते बघायला.

मी दहा वर्षांची होते आणि फार शहाणी होते. घर जाणार, शाळा जाणार, आणि हे सगळं मसुरीएवढ्या ठिपक्यापायी. मला वाटलं, तेवढी तीट गेली तर भाऊ भिंतीवर राहील, बाबा शाळेत राहतील. आई दोन दिवस रागावेल आणि मग पुन्हा त्याच्याशी बोलायला लागेल. शुक्रवारी दुपारी आई नदीवर धुणं घेऊन गेली. मी फडकं ओलं केलं, पिळलं, आणि मास्तरांच्या खुर्चीवर चढले.

काजळ एरंडेलातलं होतं, निघेना. उलट पसरलं. गालावर काळा फराटा उठला. मी घाबरले आणि फडकं पुन्हा भिजवून जोरात घासलं. त्याबरोबर गालच निघून आला. मी रोज डिंक भिजत घालणारी पोरगी. पाणी लागलं की डिंक सुटतो हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पण तेव्हा सुचलं नाही. मी ओघळ थांबवायला गेले आणि डोळा गेला. मग तोंड. करायला गेले एक आणि होऊन बसलं भलतंच. शेवटी भिंतीवर तो मुडपलेला कान तेवढा उरला, आणि त्याच्या शेजारी चिखलाच्या रंगाचा एक पट्टा.

मागे दार वाजलं. बाबा होते. धुळीनं भरलेले, काम न मिळाल्याचं तोंडावर दिसत होतं. ते भिंतीकडे बघत राहिले. मला वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर फार बरं झालं असतं. ते जवळ आले आणि माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं.

"कोणी पाहिलं?"

"न्हाई."

"हात धू आणि शेळ्यांकडे जा. तू इथं आलीच नव्हतीस."

मी गेले. इतकी पटकन गेले, की आजही त्याची लाज वाटते.

आई धुणं घेऊन परतली तेव्हा ते फडकं हातात धरून दारात उभे होते. "मी पुसलं," ते म्हणाले. "शाळा सोडवेना." मी गोठ्याच्या कुडाआड होते. आईनं डोक्यावरचं धुणं खाली ठेवलं, आत जाऊन भिंत पाहिली आणि बाहेर आली. रडली नाही. बाबांकडे तिनं एकदा पाहिलं. मी ते पाहणं पाहिलं. मग ती धुणं वाळत घालू लागली.

बाबांनी तो चेहरा पुन्हा काढायचा प्रयत्न केला. तीनदा काढला, तीनदा खरवडला. कान जमायचा, पण त्याच्याजवळ भावाचा चेहरा येऊन बसेना. नाताळला दोन दिवस उरले तेव्हा त्यांनी कानही खरवडला आणि कोणाचंही असू शकेल असं एक गोंडस बाळ काढून टाकलं. नाताळच्या दिवशी पाळकसाहेब म्हणाले, "वा, मास्तर! आता बाळ कसं पवित्र दिसतंय." आई पहिल्या रांगेत होती. सगळी गीतं तिनं खाली मान घालून म्हटली.

शाळा राहिली. बाबा त्यानंतर सव्वीस वर्षं जगले. आई त्यांना वेळेवर भाकरी वाढायची, आजारपणात शेक द्यायची, लोकांसमोर मान ठेवायची. पण आपण होऊन ती त्यांच्याशी बोलायला कधी गेली नाही. विचारलेल्याचं उत्तर द्यायची, तेवढंच. बाबांच्या शेवटच्या दुखण्यात मी उशाशी बसले होते. आई काढा आणायला आत गेली. मी म्हटलं, "बाबा, आता सांगते तिला." त्यांनी उशीवर मान हलवली. नको.

ते गेल्यावर एका संध्याकाळी आई म्हणाली, "मानूस चांगला हुता. पन त्येवढं येक मला माफ करता आलं न्हाई. लई येळा ठरवलं, न्हाई झालं." मी तिच्या पायांना तेल चोळत होते. सांगायला तोच क्षण होता. आता सांगितलं तर आपण एका निरपराध माणसाला जन्मभर शिक्षा केली हे तिला कळेल, आणि त्या धक्क्यानं ती खचेल, असं मी मनाशी म्हटलं आणि गप्प राहिले.

पुढे तीही गेली. ते कारण मला बरीच वर्षं पुरलं. पण आता माझंही वय झालं आहे आणि स्वतःशी खोटं बोलायचा कंटाळा आला आहे. आईच्या जिवाची काळजी वगैरे काही नव्हती. त्या दुपारी शाळेतून बाहेर येऊन तिनं बाबांकडे जसं पाहिलं, तसं तिनं माझ्याकडे पाहिलेलं मला सोसलं नसतं. ते त्यांनी सव्वीस वर्षं सोसलं, आणि मी त्यांना सोसू दिलं.