आधी तोंडावर सांगा

मोबाईलवर ग्रुप करायची सोय ज्या कुणी शहाण्यानं काढली, त्याची आणि माझ्या चुलत सासऱ्यांची आधी एकदा गाठ घालून द्यायला हवी होती. त्यानं ती सोय काढलीच नसती आणि मी आज सुखात असतो. पाथर्डी तालुक्यातल्या माझ्या सासुरवाडीत त्यांची पिठाची गिरणी आहे. सगळं गाव त्यांना तात्या म्हणतं. गावाच्या ग्रुपचे एक ॲडमिन तात्या आणि दुसरा मी. मी राहतो नगरला, गावच्या मतदारयादीतही नाही. मग मीच का, असं विचारलं तर म्हणाले, "जावईबापू, गावातला मानूस ॲडमिन केला तर रोज शिव्या खाईल. जावयाला कोन शिव्या देनार?" तेव्हापासून कुणाला ग्रुपातून काढायचं झालं की निकाल तात्यांचा आणि बोट माझं. मी काढलं की तात्या त्या माणसाच्या घरी जाऊन बसतात, चहा पितात आणि "मी लई समजावलं, पन जावयापुढं माझं काय चालतंय व्हय?" म्हणून मान हलवतात. आता मी जत्रेला गेलो की निम्मं गाव "या जावईबापू" म्हणतं आणि तोंड फिरवतं. शिव्या मात्र खरंच कुणी देत नाही.

तात्यांना टाइप करायचा कंटाळा. ते बोलून पाठवतात, आणि तेही गिरणी चालू असताना. बराच वेळ नुसता पट्ट्याचा खडखडाट ऐकायचा. मध्येच "म्हनून कुनीबी हासायचं न्हाई" एवढंच कानावर येतं. कशाला हसायचं नाही, हे विचारायला मला वेगळा फोन करावा लागतो. एकदा कुणाच्या तरी निधनाच्या बातमीखाली एका पठ्ठ्यानं बायको माहेरी गेल्याचा विनोद टाकला. तात्या भडकले आणि दहावा होईपर्यंत त्यांनी अख्ख्या ग्रुपला सुतक लावलं. गावात भावकी मोठी आणि म्हातारी माणसं पुष्कळ, त्यामुळे एक सुतक फिटायच्या आत दुसरं लागायचं. ग्रुप इतका मुका झाला की पाण्याचा टँकर कधी येणार हेही कुणी विचारीना. शेवटी मीच हात जोडले, तेव्हा कुठे सुतक भावकीपुरतं राहिलं.

मग त्यांनी आपला तो नियम काढला. ग्रुपवर कुणाची चेष्टा करायची असेल तर आधी ती त्याच्या तोंडावर जाऊन सांगायची. तो हसला तर टाकायची, नाही हसला तर गुपचूप घरी जायचं. ऐकायला हे बरं वाटतं. पण सरपंचांनी केस काळे केले तेव्हा एकामागोमाग तिघे जण त्यांच्या ओट्यावर जाऊन तोच विनोद सांगून आले. पहिल्याला सरपंच हसले, दुसऱ्यालाही हसले, तिसऱ्याला त्यांनी चप्पल घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत पिटाळलं. मी तात्यांना फोन करून ओरडलो. ते थंडपणे म्हणाले, "पळाला त्यो एकटा. ग्रुपात शांतता हाय ना?" या माणसाशी भांडताही येत नाही.

ग्रुपात खरा विनोद जमायचा तो एकट्या मंदाला. गिरणीमागच्या वस्तीवर तिचं घर. दिवाळी झाली की घराला कुलूप लावून नवरा-बायको ऊसतोडीला जातात. उसाच्या फडातून ती बोलून पाठवायची, "आज आमचा मुकादम उसावर पडला. उसानं माफी मागितली, तवा उठला." आमच्या लग्नादिवशीही दुपारपर्यंत चालू असलेली गिरणी तात्या मंदाचं ऐकायला बंद करायचे.

यंदा ऐन हंगामात किराणा दुकानदारानं मंदाच्याच घराचा फोटो टाकला. दाराला कुलूप, अंगणात गवत. खाली लिहिलं होतं, "घर भाड्याने देणे आहे. उंदरांनी भेटावे." तोंडावर सांगायचं तर ते माणूस दूर फडात, त्यामुळे नियम कुणाला आठवलाच नाही. सगळं गाव हसलं, आणि पहिला हसरा चेहरा तात्यांचा होता. थोड्या वेळानं मंदाचे दोनच शब्द आले, "तात्या, तुमीबी?" मी लगेच फोटो पुसून टाकला, दुकानदाराला काढलं. तरी संध्याकाळी मंदा ग्रुप सोडून गेली.

या वेळी तात्या कुणाकडे चहाला गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं माझ्या दारात हजर. "गाडी काढा जावईबापू. तोंडावर सांगायचं राहिलंय." मी म्हटलं, फोन करा, माफी मागा, मी तिला परत घेतो. पण ऐकतील ते तात्या कसले! श्रीरामपूरच्या बाजूच्या एका कारखान्यापर्यंत, उसाच्या ट्रॉल्यांमागून रखडत, रजा वाया घालवून मी त्यांना नेलं आणि वाटभर कुरकुरत राहिलो.

पाचटाच्या झोपड्यांसमोर मंदा उसाच्या वाढ्यांच्या, म्हणजे हिरव्या शेंड्यांच्या, मोळ्या बांधत होती. तात्यांनी टोपी काढून हातात घेतली. "मंदे, तुझ्या घरावर चेष्टा झाली. तुला सांगायला आलोय."

"सांगा की."

"घर भाड्यानं..." एवढं म्हणून तात्यांनी तिच्या मागच्या झोपडीकडे पाहिलं.

मंदानं मोळीची गाठ आवळली. "उंदरांनी भेटावं, आसंच ना? कुठनं भेटतील? उंदरं समदी आमच्याच टोळीत आलीत, मुकादमाकडनं पैशाची उचल घेऊन." आजूबाजूच्या बाया खदखदल्या. मीही हसलो. तात्या तेवढे हसले नाहीत. टोपीनंच डोळे पुसत उभे राहिले.

मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "ताई, तो फोटो मी तेव्हाच पुसलाय. आता ग्रुपात कुठेही नाही."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "का पुसला? चेष्टा पुसायची हुती. घर लई दिसांनी दिसलं हुतं. दारातल्या शेवग्याला शेंगा आल्यात का, ते मोठं करून बघत हुते, तवर गेलंच."

"जावयानं पुसला," असं तात्या म्हणतील म्हणून मी वाट पाहिली. ते म्हणाले, "चुकलो मंदे."

परत येताना ते टोपी हातातच धरून बसले, आणि मला त्याचाही राग आला. दुसऱ्या दिवशी त्यांनी गिरणी बंद ठेवून मंदाच्या दारातल्या शेवग्याचा फोटो काढून ग्रुपवर पाठवला. अर्ध्या फोटोवर त्यांचं बोट आहे, शेंगा कशाबशा दिसतात. खाली कुणी काही लिहिलं नाही. मंदाला मी आदल्या रात्रीच परत घेतलं होतं. तिनं फोटो पाहिलाय, पण अजून काही बोलून पाठवलेलं नाही. तात्या रोज फोन करून विचारतात, "आलं का वो काही?" मी वैतागतो, "तुमच्याही मोबाईलवर दिसतं ना, तात्या!" म्हणतो, फोन ठेवतो आणि पुन्हा एकदा उघडून बघतो.