चाळणीतला कचरा मागणारी

अकोटच्या बाजारात माझं धान्याचं दुकान आहे. मागच्या हिवाळ्यात एक तिशीतली बाई दर आठवड्याला अकोल्याहून एसटीनं यायची. चांगली ज्वारी तिला नको असे. चाळून उरलेला कचरा ती मागायची आणि बाकावर बसून त्यातलं एकेक बी नखानं वेगळं काढायची. डोळ्यांत धूळ गेली तर ओढणीनं पुसायची, पण उठायची नाही.

एकदा मी विचारलंच, "ताई, हे काहून निवडून राहिल्या?"

"आमच्या पुरातत्त्वाच्या खोदकामात एका लेकराची हाडं सापडली, लय जुन्या काळची. त्याच्या दातांच्या किटणात दाण्यांचे बारीक कण अडकले हायेत. ते कशाचे, हे ताडून पाहून राहिली."

"इतक्या जुन्या जेवणाची चौकशी करून काय भेटते?"

"दातांवर आडव्या रेघा हायेत, भाऊ. उपासमारीनं नाहीतर आजारानं वाढ थांबली की तशा पडतात. तवा त्याले कोणी काही खाऊ घातलं का नाही, मले पायचं हाय."

पुढे कित्येकदा ती "नाही जुळलं" म्हणत आली आणि पुन्हा निवडत बसली. संक्रांतीनंतर मात्र उभ्यानंच म्हणाली, "जुळलं, भाऊ! सावा हाय. पिकात उगवते ना, ते गवत. कोणीतरी ते झोडून, कुटून त्याले चारलं होतं."

ज्याचं नावही कोणाला ठाऊक नाही, त्या लेकरासाठी तिचे डोळे भरून आले होते. मी चहा सांगत होतो, पण ती थांबली नाही. "दुसऱ्या एकाचे दात बाकी हायेत, त्यासाठी बाळापूरच्या बाजारातला कचरा पायचा हाय," म्हणाली आणि तिकडची गाडी विचारत निघून गेली.