जामखेडच्या अंगणातला भोंडला

बाळांनो,

रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, तुझ्यामागे लाल खुर्च्यांची एवढी रास कसली? मंगल कार्यालय काढलंस की काय?" मी हसून विषय बदलला, कारण ही गोष्ट फोनवर उरकण्यासारखी नाही. नीट, क्रमाने लिहिते.

माझा एक जुना विद्यार्थी आहे. आमच्याच रस्त्यावर त्याचं औषधांचं दुकान. एका संध्याकाळी ब्लडप्रेशरच्या गोळ्या देता देता तो म्हणाला, "बाई, रविवारी तुमची पुढची खोली मिळेल का? आम्ही काही जण भेटतो. नगरमध्ये बसायला जागाच सापडत नाही."

"आम्ही म्हणजे कोण?"

त्याने दुकानात आणखी कोणी नाही ना ते पाहिलं. "बाई, मी गे आहे. तसेच आम्ही."

मी म्हणाले, "चपला बाहेर काढायच्या, आणि आपापले कप आपण धुवायचे."

झालं. आमच्या मंडळाची स्थापना ती एवढीच. त्याला अजून नावसुद्धा नाही. तुमच्याकडे एलजीबीटी हा शब्द मुलांना शाळेतच कळतो, इथे तो वर्तमानपत्रात असतो आणि घरात नसतो. पण रविवारी माणसं येऊ लागली. त्यात पारनेरची एक ब्लाउज शिवणारी बाई होती. पन्नाशीची, तोंडाने फटकळ. ती आणि तिची मैत्रीण कित्येक वर्षं एकत्र राहतात, एकत्र दुकान चालवतात. गावाला त्या "दोघी मैत्रिणी". आमच्या खोलीत पहिल्यांदा ती म्हणाली, "ही माझी बायको म्हणा किंवा मी तिची, पण भांडतो मात्र नवरा-बायकोसारख्याच."

मग आम्हाला उत्साह आला. नगरपुरतं कशाला, तालुक्यांत जाऊ! कोणालाही मनातलं बोलता यावं म्हणून एक मोबाईल घेतला, त्याचा नंबर ओळखीपाळखीत दिला. दुपारी दुकानात गर्दी असते म्हणून दुपारचे फोन मी घ्यायचे असं ठरलं. जामखेडला एक हॉल घेतला, सूचना लावल्या, मोबाईलवर संदेश पाठवले. मी चहाचे थर्मास भरून नेले, खुर्च्या ओळीत लावल्या. आणि कोणी म्हणजे कोणीही आलं नाही! एक म्हातारे गृहस्थ तेवढे विम्याची सभा समजून आले, दोन कप चहा प्यायले आणि "छान आहे तुमचा उपक्रम" म्हणून गेले. परतीच्या एसटीत औषधवाला, शिंपीणबाई आणि मी, आम्ही तिघे एकमेकांकडे पाहत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला. हा आवाज मला ओळखीचा होता. आठवड्यातून एकदा एक मुलगी फोन करायची. नाव नाही, गाव नाही, एवढंच की जामखेडच्या जवळची. ती घरची पिठाची गिरणी चालवायची आणि गिरणी सुरू ठेवूनच बोलायची, म्हणजे घरातल्या कोणाला ऐकू जाऊ नये. त्या घरघरीत मला निम्मं ऐकू यायचं नाही. तिला मुलीच आवडतात आणि घरच्यांनी स्थळ ठरवलंय, एवढं कळलं होतं. दसरा झाला की सुपारी फोडणार होते.

"बाई, काल मी त्या हॉलवरनं दोनदा गेले."

"अगं, मग आत का नाही आलीस?"

"कशी येनार? दारात कुनी बोलवाय नको का? आन् घरी काय सांगू, कुठं गेल्ते म्हनून?" मग गिरणीचा आवाज जरा वाढला. "मला एकदा माझ्यासारखी बाई डोळ्यांनी बघायचीय. लई न्हाई, एकदाच. मग घरी काय ते हो-न्हाई सांगीन. न बघताच न्हाई म्हनायची छाती होत न्हाई."

फोन ठेवला आणि मला आमची चूक लख्ख दिसली. आपल्याकडे बोलावण्याशिवाय कोण जातं? हळदीकुंकवाला सूचना लावतात का? दारात जाऊन "यायचं हं नक्की" म्हणावं लागतं. पण त्या मुलीच्या दारात जाऊन तिला एकटीला बोलावलं, तर सगळ्या गल्लीला शंका. मग गल्लीलाच बोलवायचं! सगळ्याच बायकांना बोलावलं, की जिला यायचंय तिला येता येईल. नवरात्र तोंडावर होतं. भोंडला!

औषधवाला खुर्चीतून उठलाच. "बाई, मला सगळी गाणी पाठ आहेत! लहानपणी बहिणीबरोबर फेरात शिरायचो. एकदा आत्याने कान धरून बाहेर काढलं, तेव्हापासून खेळलो नाही. मी आलो तर चालेल?"

"पाटावरच्या हत्तीची हरकत नसेल तर माझीही नाही," मी म्हणाले.

जामखेडला माझी एक जुनी सहकारी शिक्षिका राहते, तिचं अंगण मोठं. तिला सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, "अंगण माझं, बोलावणं दोघींचं." मग आम्ही दोघी दारोदार फिरलो. गल्ल्या झाल्या, जवळची गावंही केली. वाटेत गिरणी दिसली की माझा जीव वरखाली व्हायचा. पण आत डोकावायचं नाही असं तिच्याशी ठरलं होतं. ओळखायचं कसं, तेही तिनेच सांगितलं होतं. भोंडल्यात प्रत्येकीने खिरापत झाकलेल्या डब्यातून आणायची असते, आणि बाकीच्यांनी डबा हलवून आत काय आहे ते ओळखायचं असतं, हे तुम्हाला तुमच्या आईने सांगितलं असेलच. ती म्हणाली, "जो डबा कुनाला वळखू येनार न्हाई, तो माझा."

त्या दिवशी अंगण भरून गेलं. पोरी, सुना, सासवा! पाटावर तांदळाचा हत्ती, भोवती फेर, आणि फेरात आमचा औषधवाला, घामाघूम, एकेक गाणं उचलून देत होता. एक आजी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "ह्यो बाप्या बायकांत काय करतोय?"

पारनेरची शिंपीणबाई म्हणाली, "गानी कुनाला येत न्हाईत म्हनून भाड्यानं आनलाय. तुमाला येत असतील तर पाठवते त्याला घरी."

आजी पुटपुटल्या, आणि पुढच्या गाण्याला फेरात शिरल्या.

मग डबे. भोपळ्याच्या घाऱ्या, वाटली डाळ, चिवडा, सगळं पटापट ओळखलं गेलं. माझं लक्ष कशातच नव्हतं. शेवटी एक पितळी डबा आला. हलवला, तर आवाजच नाही. लाडू? नाही. शिरा? नाही. सगळ्या थकल्या. डबा होता एका उंच, कडक दिसणाऱ्या बाईच्या हातात, वय माझ्या मुलीएवढं. मी गोंधळले. ही? मग तिच्या मागे उभी असलेली मुलगी दिसली. अंगावर नवी साडी, पण भुवयांच्या कडेला पांढरी भुकटी राहिली होती. मी मोठ्याने म्हणाले, "सातूचं पीठ!"

माझा आवाज ऐकल्याबरोबर त्या मुलीने झटकन मान वर केली. फोनवर दर आठवड्याला ऐकायची तोच आवाज!

"बराबर!" तिची आई आनंदाने म्हणाली. "लेकीनं स्वतः दळलंय. तुमाला कसं कळलं वो बाई?"

तेवढ्यात शिंपीणबाई पुढे आली. "पोरी, ब्लाउज खांद्यात उतरलाय बघ. चल आत, माप घेते. डबा वळखनाऱ्या बाईंकडनं तुला बक्षीस."

दोघी आत गेल्या. बाहेर मी बोलायला उभी राहिले. आम्ही ठरवलंच होतं की भोंडल्याआड लपून परत जायचं नाही. साध्या शब्दांत सांगितलं, की काही मुलांना मुलगे आवडतात, काही मुलींना मुली. तो रोग नाही, खोड नाही. त्यांना घराबाहेर काढू नका, आणि लग्नात ढकलू नका. काही अडलं तर हा फोन आहे. मग त्या मघाच्याच आजी म्हणाल्या, "आमच्या गावात हुता की तसा एक. लई ग्वाड गायचा. कुठं गेला, कुनाला ठाव."

एक-दोघी उठून गेल्या. उंच बाई मात्र बसून होती, रिकामा डबा मांडीवर घेऊन. बऱ्याच वेळाने ती आतल्या दाराकडे तोंड करून ओरडली, "अवो ताई, ब्लाउज शिवताय का तंबू?"

आतून हसण्याचा आवाज आला, दोन बायकांचा. त्या बाईने चमकून माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "अशी हसत न्हाई वो ही घरी."

पुढच्या आठवड्यात फोन आला. मी सवयीने कान दाबून धरला, पण घरघर नव्हतीच.

"गिरणी बंद का गं? वीज गेली?"

"न्हाई बाई. आता बंद करूनच बोलते." ती म्हणाली, की सुपारी फुटली नाही. तिने "न्हाई" सांगितलं, का नाही म्हणते तेही आईला सांगितलं. आईने दोन दिवस चूल पेटवली नाही, वडील अजून बोलत नाहीत. "पन आई तुमचं बोलनं ऐकून आल्ती ना. म्हनली, त्या म्हाताऱ्या बाई खोटं कशाला बोलतील."

गेल्या वर्षीचं हे सगळं तिला विचारूनच लिहिते आहे. यंदाच्या भोंडल्याचं बोलावणं तीच करते आहे, सगळी गावं एकटी फिरते. पारनेरच्या दोघी, औषधवाला आणि नवी आलेली बरीच मंडळी परवापासून माझ्या खोलीत झेंडूच्या माळा ओवत आहेत. औषधवाल्याच्या आत्यालाही बोलावणं गेलं आहे, त्याचे पाय सकाळपासून जमिनीवर नाहीत. खुर्च्या उद्या टेम्पोने जातील. यंदा अंगण गिरणीपुढचं आहे, आणि तिच्या आईने निरोप पाठवलाय, की बसायला आणा, मागल्या वर्षी गुडघे दुखले.