दोन अक्षरं काढायचा ठराव

आमच्या टीममध्ये एक गावठी पद्धत होती. कोडमध्ये कुठलंही फंक्शन, म्हणजे एखादं ठरावीक काम करणारा तुकडा, लिहिलं की त्याच्या नावाच्या सुरुवातीला लिहिणाऱ्याने आपली दोन आद्याक्षरं चिकटवायची. दिसायला भिकार, पण सोयीचं. कारखान्यांच्या स्टोअरमधला माल सांभाळणारं आमचं सॉफ्टवेअर कुठे अडलं, की अक्षरं बघून थेट त्या माणसाला फोन जायचा. निम्म्याहून जास्त नावांपुढे माझी अक्षरं होती. आठ वर्षांत मी किती वेळा जेवणाच्या ताटावरून उठले, ते मलाच माहीत.

त्या वर्षी आर्किटेक्टची, म्हणजे सगळ्या सॉफ्टवेअरची रचना ठरवणाऱ्याची, जागा निघणार होती. दावेदार दोघं: मी, आणि माझ्यानंतर चार वर्षांनी आलेला एक सहकारी. त्याला हे सगळं काम मीच शिकवलं होतं. ती जागा मला हवी होती, आणि ती माझीच आहे असं मी धरूनही चालले होते.

नावांचे नियम एकदाचे ठरवून टाकू, म्हणून मॅनेजरने आम्हाला मुळशी धरणाकाठच्या एका रिसॉर्टवर नेलं. नावातल्या दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर, म्हणजे खालची रेघ, टाकायचा की दुसरा शब्द कॅपिटल अक्षराने सुरू करायचा, यावर शहाणीसुरती माणसं मासे तळून येईपर्यंत भांडली. आद्याक्षरांचा विषय कुणीच काढला नाही. काढला मी. उभी राहून म्हणाले, "कोड सगळ्यांचा आहे. ही अक्षरं काढून टाकू." टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात माझ्या त्या सहकाऱ्याने वाजवल्या. खरं सांगायचं तर मला मोठेपणा मिरवायचा होता. ही बाई जुनी असली तरी जुनाट नाही, असं मॅनेजरला वाटावं, एवढंच.

मग दीड महिना मी शीट भरत बसले. एका रकान्यात जुनं नाव, दुसऱ्यात नवं. कुठलं फंक्शन काय करतं हे मलाच ठाऊक, म्हणून नवी नावंही मीच शोधायची. भरे गावातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत रविवारसुद्धा त्यातच गेले. शीट पूर्ण झाली त्या दिवशी मला ताप होता. तो म्हणाला, "तू आराम कर, मी बदलून टाकतो." त्याने एका कमांडमध्ये सगळी नावं बदलली. किती समजूतदार माणूस, असं मला वाटलं.

कोडच्या प्रत्येक ओळीशेजारी ती शेवटची कुणी बदलली त्याचं नाव दिसतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही, मी ते रोज बघते. माझीच अक्कल गहाण पडली होती.

त्या जागेसाठीच्या रिव्ह्यूच्या दिवशी वरच्या साहेबांनी स्क्रीन उघडला. हे साहेब आम्हाला वर्षातून एकदा भेटतात. ओळीमागून ओळ, सगळीकडे त्याचंच नाव. "यात तुमचं काम नेमकं कुठलं?" त्यांनी अगदी सौजन्याने विचारलं. मी म्हणाले, मागचा इतिहास उघडून बघा, तिथे सगळं आहे. त्यांनी घड्याळ बघितलं. आमचे मॅनेजर टेबलाकडे बघत राहिले, आणि ज्याचं नाव दिसत होतं त्याने तोंडातून ब्र काढला नाही. जागा त्याला मिळाली. त्याने पेढे वाटले. मी खाल्लाही.

घरी आल्यावर घरमालकीणबाईंपुढे मी सगळं ओकून टाकलं. त्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. शेवटपर्यंत ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "ती अक्षरं काडा म्हनलं कुनी?"

"मीच."

"मंग आता दुसऱ्याच्या नावानं बोटं कशाला मोडतीयास?"

त्यांनी सुपातला एक खडा अंगणात भिरकावला आणि पुन्हा निवडायला लागल्या. मला त्यांचा भयंकर राग आला. अजून येतो, कारण त्या चुकल्या नव्हत्या.

गेल्या आठवड्यात एका कारखान्यातून तक्रार आली. ती आता आर्किटेक्टकडे जाते. पाच मिनिटांत त्याचा मला मेसेज: "हे फंक्शन नक्की काय करतं, जरा सांगशील का?" सोबत स्क्रीनचा फोटो. फंक्शनचं नाव मी शोधलेलं, आतली ओळ न् ओळ मी लिहिलेली, शेजारी त्याचं नाव.

मी जेवायला बसले होते. ताटातच हात धुतला आणि उठले.