स्टिकवरची टेप

आमच्या खाणीच्या गावात शाळेला गणिताचा शिक्षक अर्धवेळ चालतो. खेळाडूंची दुखणी पाहणारी बाई मात्र पूर्णवेळ लागते. याचं कुणाला नवल वाटत नाही. आर्डिस कोस्केलाबाई एकतीस वर्षं हे काम करताहेत. घोटे बांधतात, बर्फ लावतात आणि पालकांच्या हातात विम्याचा गुलाबी फॉर्म देतात. घरच्या विम्याने हात वर केल्याशिवाय शाळेचा विमा पुढे येत नाही, हे त्या इतक्या मायेने समजावतात, की पालक आभार मानून बाहेर पडतात आणि मोटारीत बसल्यावर चिडतात.

डोक्याचं प्रकरण निराळं. ऑगस्टमध्ये, सगळी धडधाकट असताना, प्रत्येकाची संगणकावर परीक्षा होते. शब्द आठवा, आकृत्या ओळखा. पुढे डोक्याला मार लागला की पुन्हा तीच परीक्षा, आणि ऑगस्टइतके गुण मिळाले तरच खेळायला परवानगी. हुशार मुलं नापास होण्यासाठी मेहनत घेतात अशी शाळेतली ही एकच परीक्षा. ऑगस्टमध्ये मुद्दाम चुकलं की फेब्रुवारीत काळजी नाही.

फेब्रुवारीत ब्रिन झुपान, आमच्या मुलींच्या आइस हॉकी संघाची कप्तान, डोक्यावर आपटली. नवव्या दिवशी तिला बरोबर ऑगस्टइतके गुण मिळाले. डॉक्टरांनी आकडे जुळवून सही केली. ब्रिनचं हे शेवटचं वर्ष, त्यामुळे गुरुवारचा बाद फेरीचा सामना हरलो तर तिची शाळेतली हॉकी तिथेच संपणार होती. राहिली होती फक्त बाईंची सही.

"तुझी स्टिक आण," बाई म्हणाल्या.

"बाई, डोकं माझं आपटलं. स्टिक ठणठणीत आहे."

"आण तरी."

चकती निसटू नये म्हणून प्रत्येक खेळाडू स्टिकच्या पात्यावर काळी टेप गुंडाळतो; ब्रिनची त्याच दिवशी गुंडाळलेली होती. वेढे कुठे एकमेकांवर चढलेले, कुठे मध्ये फट. टोकाजवळ ती संपली होती आणि दुसरा तुकडा जोडलेला होता.  बाईंनी ब्रिनचं हेल्मेट उचललं, कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. हेल्मेटशिवाय बर्फावर पाऊल ठेवता येत नाही, त्यामुळे वादाचे कष्ट वाचतात.

ते वाचले नाहीत. तासाभरात ब्रिनचे वडील डेल खाणीतल्या बुटांसकट हजर झाले.

"डॉक्टरांची सही आहे, मशीनचे गुण आहेत. आता काय पोरीचा हात बघणार आहात, बाई?"

"ऑगस्टचे गुण एवढे कमी कसे रे? तिसरीतल्या पोराला याहून जास्त मिळतील."

"सगळ्याच करतात तसं."

"हिला कुणी शिकवलं?"

डेलने बुटांकडे पाहिलं. "मी. शाळेत असताना तुम्ही मला शेवटच्या सामन्याला घोट्यापायी बाहेर बसवलंत. गावात अजून विचारतात, त्या दिवशी तू कुठे होतास."

"बसवलं, म्हणून आज त्या पायांवर उभा राहून माझ्याशी भांडतोयस. बरं, हिला टेप लावायला कुणी शिकवलं?"

"तेही मीच. सहा वर्षांची होती. तेव्हापासून कुणाला हात लावू देत नाही. डोळे मिटून लावते."

बाईंनी स्टिक त्याच्या हातात दिली.

डेलने सवयीने पात्यावरून अंगठा फिरवला. मध्येच थांबला. पुन्हा मुळापासून फिरवला.

"घाईत लावली, बाबा," दारातून ब्रिन म्हणाली.

"कितीदा लावलीस?"

"दोनदा." मग, "तीनदा."

डेलने स्टिक भिंतीला टेकवून ठेवली आणि तो बाहेर गेला. परतला तेव्हा त्याच्या हातात गुलाबी फॉर्म होता. नऊ दिवस तो मोटारीत पडून होता. भरला असता तर दुखापत झाली असं स्वतःच्या सहीने कबूल करावं लागलं असतं.

"आधी घरच्या विम्याला विचारायचं ना?"

"आधी घरच्या."

घोटे बांधायच्या टेबलावर वाकून तो भरू लागला. नाव, इयत्ता, खेळ. 'सध्या काय त्रास होतो' या ओळीवर त्याचं पेन अडलं.

"डोकं दुखतंय का गं?" त्याने विचारलं. नऊ दिवसांत पहिल्यांदाच.

ब्रिनने कपाटाच्या कुलपाकडे पाहिलं.

"उजेडात दुखतं."

डेल उठला, खोलीतला दिवा त्याने बंद केला आणि उरलेला फॉर्म खिडकीजवळ उभा राहून भरला.