लधा मिस्त्रीनं तळाला पाडलेलं भोक

लाखाबंदरच्या नगरपालिकेनं समुद्रापासून दोनशे पावलांवर पोरांसाठी लोखंडी झोपाळे बसवले, तेव्हाच लधा मिस्त्री म्हणाला होता, "खाऱ्या वाऱ्यात लोखंड? दोन वर्षं टिकलं तर मिशी उतरवीन." मिशी शाबूत राहिली. दीड वर्षात साखळी तुटली आणि त्याची नात लाछू तोंडावर आपटली. हनुवटीला सात टाके पडले. मग पालिकेनं काय केलं? तसलेच झोपाळे पुन्हा आणले आणि वर हिरवा रंग फासला! अकलेलाच गंज चढलेला, त्याला कुठला रंग लावणार?

लधा कासमशेठच्या गोदीत पन्नास वर्षं गलबतं बांधत आलेला. पालिकेच्या ओझासाहेबाकडे जाऊन म्हणाला, "मला जागा द्या, पोरांसाठी लाकडाचं बांधतो. माझी नातवंडं म्हातारी होतील, ते हलणार नाही."

"नकाशा आणा," ओझा म्हणाला.

नकाशा! लधाच्या बापानं सतरा गलबतं समुद्रात सोडली, पण कागदावर एक रेघ ओढली नाही. सगळं डोक्यात आणि दोरीच्या मापात. लधानं दोन महिने खेटे घातले आणि शेवटी म्हणाला, "खड्ड्यात गेला तुमचा नकाशा." गल्लीतल्या माणसांना हाताशी घेऊन त्यानं आठ महिन्यांत पंधरा हात लांबीचं गलबत झोपाळ्यांच्या मैदानातच उभं केलं. बाभळीच्या फासळ्या, सागवानी फळ्या, सगळ्या लाकडी खुंट्या, लोखंडाचा खिळा औषधाला नाही. एका कुशीला घसरगुंडी, आडव्या वाशाला काथ्याच्या दोराचे झोपाळे. दोर झिजला की बदलायचा, बाकी हात लावायचं काम नाही. फळीन् फळी त्यानं स्वतःच्या गालानं तपासली, कुसळ राहू नये म्हणून.

आणि घोटाळा केला तो त्याच्या हातांनीच. सवयीनं त्यानं फटीफटीत तेलात भिजवलेला कापूस ठासून भरला होता. आषाढात दोन दिवस पाऊस कोसळला आणि गलबताच्या पोटात लाछूच्या कमरेएवढं पाणी साचलं. थेंब बाहेर जाईना. गल्ली पोट धरून हसली. "लधाकाका, हाडाचे मिस्त्री हो तुम्ही! जमिनीवरचं गलबतसुद्धा बुडू देत नाही!" लधानं कपाळावर हात मारून घेतला.

ओझासाहेबाला मात्र आयतंच कोलीत मिळालं. नोटीस घेऊनच आला. तीन दिवसांत काढा, प्लास्टिकच्या घसरगुंड्या सांगून ठेवल्यात.

"पोर बुडून मेलं तर जबाबदार कोण?"

"साखळी तुटली तेव्हा कोण होता हो?" लधानं विचारलं. ओझा नोटिशीची घडी घालत राहिला.

घरी त्याची बायको मेघबाई म्हणाली, "अहो, एक भोक पाडा तळाला. पाणी जाईल, कटकट मिटेल." आणि म्हणता म्हणता तिनं जीभ चावली. लाखाबंदरात रीत अशी, की ज्या मिस्त्रीनं गलबताच्या तळाला भोक पाडलं, त्यानं पुन्हा नव्या गलबताला हात लावायचा नाही. येत्या शुक्रवारी कासमशेठच्या नव्या गलबताचा कणा बसायचा होता. बारा वर्षांतलं सगळ्यात मोठं काम, आणि पहिली खुंटी लधाच्या हातची.

"पण हे कुठं खरं गलबत?" मेघबाई चाचरत म्हणाली. "हे थोडंच समुद्रात जाणार आहे?"

"कापूस ठासताना मला तरी कुठं आठवलं, हे समुद्रात जाणार नाही ते?" लधा म्हणाला.

तिसऱ्या दिवशी जेसीबी आला. सबंध गल्ली जमली, गोदीतले मिस्त्रीही आले. लधा भोक पाडायचं गिरमिट घेऊन त्या पाण्यात उतरला. वाकून, ओठ घट्ट मिटून, फिरवत राहिला. मिस्त्रींनी तोंडं फिरवली. पाणी भसाभसा सुटलं ते थेट ओझाच्या बुटांवर.

"हे आधी नव्हतं का करता येत?" ओझा ओरडला. पण पोर बुडेल म्हणायला आता पाणीच उरलं नव्हतं. जेसीबी आला तसा परत गेला.

संध्याकाळी कासमशेठ घरी आला. चहाला नको म्हणाला. "मिस्त्री, शुक्रवारी..."

"नाही येत, शेठ. सगळ्यांनी पाहिलंय. मीही पाहिलंय."

शेठ गेल्यावर मेघबाई भडकली. "मेल्या त्या ओझाचे फक्त बूट भिजले आणि तुमचे हात गेले! पन्नास वर्षांचे हात!" ती पदरात तोंड खुपसून रडायला लागली.

सकाळी तो पालिकेत गेला आणि गिरमिट ओझाच्या टेबलावर, कागदांच्या मधोमध, ठेवलं.

"हे कशाला इथं?"

"ते भोक तुंबेल. पानं जातील, वाळू जाईल. दर पावसाळ्याला मोकळं करावं लागेल. पाणी आत येऊ न देणं हे माझं काम होतं, साहेब. ते तुम्ही सोडायला लावलंत. बाहेर काढायचं काम आता तुमचं."