आधी हात, मग पाटी

रडणाऱ्या मुलाला मोठ्या बाईंनी कधी "रडू नकोस" म्हटलं नाही. आईच्या पदराला लोंबकळत, भोकाड पसरत एखादं पोर बालवाडीच्या दारात आलं, की त्या शांतपणे त्याच्यापुढे ताटली सरकवायच्या. ताटलीत वाटाणे आणि राजमा एकत्र केलेले. "रडायचंय ना? रड की. पण रडता रडता एवढं निवडून दे मला, माझे डोळे दुखतात." डोळे कसले दुखतायत! आम्हा नव्या शिक्षिकांच्या साडीची सुटलेली पिनसुद्धा त्यांना लांबून दिसायची. पण पोर हुंदके देत एक वाटाणा उचलायचं, मग दुसरा, आणि आई कधी निघून गेली हे त्याला कळायचंही नाही.

पंचवटीतल्या या बालवाडीत मी लागले ती नव्वदच्या दशकात. तेव्हा सकाळचा पहिला तास असा हातकामाचा असे. कुणी मणी ओवतंय, कुणी रुमालाची घडी घालतंय, कुणी एका पेल्यातलं पाणी दुसऱ्यात ओतताना निम्मं मांडीवर सांडतंय. ही शाळा म्हणायची की स्वयंपाकघर, असं मी एकदा बोललेसुद्धा. बाई म्हणाल्या, "आधी हात, मग पाटी. घरून निघताना कुणी मार खाल्लेला असतो, कुणी आईला मार खाताना पाहिलेलं असतं. ते सगळं डोक्यात घेऊन 'अ' कसा गिरवतील गं?" मी फडकं घेऊन सांडलेलं पाणी पुसायला लागले.

बाईंची चूक झाली ती फुलांपायी. बाजारात उरलेला झेंडू त्या पिशवी भरभरून आणायला लागल्या. पिवळा एकीकडे, केशरी एकीकडे, मग ओवायचा. पोरं खूश. फक्त हिराबाई फूलवालीची शोभा फुलांना हात लावेना. "अगं, हे तर तुमच्या घरचंच काम, तुला किती छान येईल!" बाई लाडानं म्हणायच्या, आणि शोभा मुठी आवळून बसायची. बाईंना वाटलं, लाजतेय.

एके सकाळी हिराबाई टोपलीसकट दारात उभी. तिनं पोरीच्या मुठी उघडून बाईंपुढे धरल्या. बोटांवर सुई टोचल्याच्या खुणाच खुणा.

"पहाटं उठून माझ्यासंगं हार ओवती ही. यातून सुटावी म्हणून शाळंत घातली, बाई. तुमी बी तेच करून घेता? लिवायला शिकवा की तिला! नायतर घरी बसवते."

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. पिशवी त्यांनी त्याच क्षणी मागच्या अंगणात रिकामी केली. शोभा शाळेत राहिली. दुपारी बाई मला म्हणाल्या, "हात, हात करत आयुष्य गेलं माझं, आणि या पोरीची बोटं मी पाहिलीच नाहीत."

पण गल्लीत व्हायचा तो बोभाटा झाला. तिथं म्हणे पोरांना कामाला जुंपतात! एव्हाना गंगापूर रोडच्या इंग्रजी शाळांच्या रिक्षा आमच्या बोळाच्या तोंडाशी येऊन उभ्या राहायला लागल्या होत्या. पोरं कमी होत गेली, तसे संस्थेचे अध्यक्ष घाबरले. "बाई, पालकांना वही भरलेली दिसली पाहिजे." हातकाम थोडा वेळ तरी ठेवा, म्हणून बाईंनी विनवलं. कोण ऐकतंय! ताटल्या माळ्यावर गेल्या, इंग्रजी पुस्तकं आली. सकाळी पोरं पुस्तकावर नाक गाळत रडायची आणि बाई नुसत्या येरझाऱ्या घालायच्या.

मी चिडून म्हटलं, "भांडा ना त्यांच्याशी!"

"कुठल्या तोंडानं भांडू? हिराबाईचं खरंच होतं."

माझा तर तिळपापड झाला. फुलांचं खरं होतं हो, पण त्या वाटाण्यांनी कुणाचं काय घोडं मारलं होतं?

काही वर्षांनी बाई निवृत्त झाल्या. निरोपाचा हार हिराबाईनंच आणला, चांगला घसघशीत झेंडूचा. अध्यक्ष आधुनिक शिक्षणावर बोलत सुटले होते. बाई खुर्चीत बसलेल्या, डोळे भरून आलेले, आणि त्यांची बोटं गळ्यातल्या हारातलं एकेक फूल सोडवू लागली. पिवळं मांडीच्या या बाजूला, केशरी त्या बाजूला. अध्यक्ष अडखळले. आम्ही शरमेनं एकमेकींकडे बघतोय तोच पुढच्या रांगेतलं एक चिमुरडं उठलं आणि बाईंच्या मांडीवरची फुलं निवडायला लागलं. मग दुसरं, तिसरं.

हिराबाई दाराशी उभी होती. एवढ्या कष्टानं ओवलेला हार तिच्या डोळ्यांदेखत सुटत होता. आता ही काय बोलते, म्हणून मी उठून उभी राहिले. ती आली, बाईंच्या पायाशी उकिडवी बसली आणि स्वतःच दोरा सोडवायला लागली. शोभाला सोडायला तेव्हा ती रोज त्याच दारात उभी राहायची, सगळं ऐकायची.

"रडा की, बाई," ती म्हणाली. "रडता रडता निवडा."

बाई मग खूप रडल्या. आम्ही सगळ्याच रडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नेहमीसारखं 'ए फॉर ॲपल' सुरू केलं. दारात एक नवं पोर आईचा पदर सोडेना. मी एकदा माळ्याकडे पाहिलं, एकदा अध्यक्षांच्या खोलीकडे. मग त्याच्याजवळ गेले आणि म्हणाले, "रडू नकोस."